संग्रहालयात पोचलेली गोधडी

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शिवलेली गोधडी आता मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला २०१४ मध्ये ‘सोल्स ग्रोन डीप’ या प्रतिष्ठानाने ५७ कलाकृती भेट दिल्या, त्यांत २० गोधड्या होत्या. कौतुकाला तोटा राहिलेला नाही. उणीव आहे ती समीक्षेची. कापड कुठले, टाका कसा, शिवणारीच्या पदरात काय पडले, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारणारे लेखन अजून फार थोडे आहे.

अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेले जीज बेंड हे या कलेचे सर्वांत गाजलेले गाव. जोसेफ जी या मळेवाल्याने १८१६ मध्ये इथे कापसाचा मळा वसवला. पुढे तो मळा मार्क पेटवेकडे गेला आणि पेटवेने नॉर्थ कॅरोलायनातून शंभरेक गुलाम पायी चालवत इथे आणले. गावातली अनेक माणसे आजही पेटवे आडनावाची आहेत, ती त्या मालकामुळे. १९३२ मध्ये कर्जवसुलीसाठी इथल्या कुळांची जनावरे, अवजारे आणि साठवलेले धान्य उचलून नेले गेले. १९६० च्या दशकात लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडच्या कॅमडेनला जाऊ लागले, तेव्हा नावेची फेरी बंद झाली आणि ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. जन्मभर कापूस वेचणाऱ्या बायकांना पांघरुणासाठी मात्र फाटक्या कपड्यांवर भागवावे लागे.

याच गावच्या मिसूरी पेटवेची १९४२ ची गोधडी पाहा. नवरा गेल्यावर तिने त्याचे शेतात घालायचे कपडे उसवले आणि त्यांचीच गोधडी केली. त्याची आठवण अंगावर राहावी म्हणून. उन्हाने आणि धुण्याने विटलेला निळा, राखाडी, मधूनच लाल. या गावच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्यांत जिथे खिसा होता तिथले कापड गडद राहिलेले दिसते आणि गुडघ्यावर ते झिजून पातळ झालेले असते. म्हणजे रंगांचे निम्मे काम शेताने आधीच केलेले असते. उरलेले काम नजरेचे. कुठली पट्टी किती रुंद ठेवायची आणि कुठे मुद्दाम वाकडी जाऊ द्यायची, हे ती बाई ठरवते. ‘हाउसटॉप’ म्हणजे चौकटीत चौकट हा इथला आवडता नमुना, पण दोघींचा हाउसटॉप कधी एकसारखा निघत नाही.

या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले. समीक्षक भारावले आणि मातीस, क्ले या चित्रकारांची नावे निघाली. ही स्तुती खरी आहे, पण अर्धी. अमूर्त चित्राशी साम्य दाखवून गोधडीला मोठेपण देताना तिचे पांघरूणपण पुसले जाते, आणि तिच्यामागची मजुरीही. १९६६ मध्ये या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. सिअर्स कंपनीसाठी १९७२ पासून त्या कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवू लागल्या. अभ्रे ठरलेल्या मापाचेच लागत, हाताला मोकळीक नव्हती. पण उरलेली सोनेरी, हिरवी, लाल कात्रणे घरी आली आणि त्यांतून सत्तरच्या दशकातल्या कितीतरी देखण्या गोधड्या झाल्या. मजुरीचा हा इतिहास बाजूला ठेवला तर त्या रंगांचा उलगडाच होत नाही. प्रदर्शनानंतर मोबदला आणि हक्क यांवरून काही जणी २००७ मध्ये कोर्टात गेल्या आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. समीक्षेने हाही भाग टाळू नये.

समीक्षेपुढचा दुसरा अडथळा दंतकथेचा. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेला कृष्णवर्णीय इतिहास सप्ताह पुढे महिनाभराचा झाला, आणि दर फेब्रुवारीत अनेक शाळांत सांगितले जाते की पळून जाणाऱ्या गुलामांना वाळत घातलेल्या गोधड्यांवरच्या खुणा वाट दाखवत. १९९९ च्या एका पुस्तकाने ही कथा घरोघरी नेली. इतिहासकारांना तिला त्या काळातला पुरावा सापडलेला नाही. खरे उदाहरण समोर असताना हे का हवे? गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने जॉर्जियात शिवलेली बायबलकथांची गोधडी, जी तिला गरजेपायी पाच डॉलरला विकावी लागली, आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पुढच्या काळात फेथ रिंगोल्डने १९८३ पासून गोधडीवर चित्र आणि मजकूर एकत्र आणून स्वतःची वाट काढली. आजची सर्वांत लोकप्रिय कलावती बिसा बटलर. छायाचित्रकार रसेल ली यांनी १९४१ मध्ये शिकागोत टिपलेली नटलेली मुले तिने रंगीबेरंगी कापडांत जवळजवळ माणसाच्या उंचीची उभी केली. तिचे कसब वादातीत आहे. पण रचना छायाचित्राने आधीच ठरवलेली असते, कापडाला स्वतःहून काही सुचवायला जागा उरत नाही. माझ्या मते या कलेची उंची रोझी ली टॉम्पकिन्सने गाठली. खरे नाव एफी मे हॉवर्ड. आर्कान्सात जन्मलेली, कॅलिफोर्नियात राहिलेली, प्रसिद्धीपासून दूर. तिच्या मखमली चौकोनांच्या बाजू कधी जुळत नाहीत आणि तरी सगळा पट श्वास घेतल्यासारखा हलतो. एली लिऑन या संग्राहकाने जमवलेल्या सुमारे ३,००० गोधड्या बर्कलीच्या विद्यापीठ संग्रहालयाकडे आल्या, त्यांत तिचे कामही आहे. पुढची समीक्षा अशा संग्रहांतूनच घडायला हवी.

आणि मराठी वाचकाला बर्कलीपर्यंत जायचीही गरज नाही. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज, सिद्दी, उत्तर कन्नडच्या येल्लापूर-हल्याळच्या रानांत राहतात. त्यांच्या बायका जुन्या साडीवर कडेपासून ठिगळे लावत, धावदोऱ्याने फिरत फिरत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले बसवतात. ही कवंदी. मुंबई-पुण्याच्या संग्रहालयांनी ती हस्तकलेच्या दुकानातल्या भावाने नव्हे, कलाकृतीच्या मोलाने विकत घ्यावी आणि भिंतीवर टांगताना शेजारी शिवणाऱ्या बाईचे पूर्ण नाव आणि गाव लिहावे.