चार गुणांची कविता

दहावीचा निकाल लागला की ‘परीक्षा फारच सोपी झाली’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. ते म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी अलीकडची प्रश्नपत्रिका हातात धरलेली असते. मी इथे एकच प्रश्नपत्रिका घेतो, मराठी कुमारभारतीची, आणि एखादी कविता वाचावी तशी सावकाश वाचून पाहतो. तिचे अधिकृत नाव कृतिपत्रिका. ८० गुण, तीन तास. गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४.

पहिला प्रश्न पाहिला की तक्रार खरी वाटू लागते. पाठातला उतारा कृतिपत्रिकेतच छापलेला असतो आणि खाली लिहिलेले असते, ‘चौकटी पूर्ण करा’. भरायचा शब्द चार ओळी वर छापलेलाच असतो. तो शोधून उतरवायचा, की गुण मिळाला. पण ज्या मुलीच्या घरी गोंडी, भिली किंवा गोरमाटी बोलतात आणि जिला मराठी शाळेतच भेटली, तिच्यासाठी ती चौकट खरीखुरी परीक्षा आहे. उतारा वाचून नेमका शब्द हेरणे तिने दहा वर्षांत कमावलेले असते. तो प्रश्न काढून टाका म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

शिवाय प्रश्न चौकटीवर थांबत नाही. आधी शोधायला लावतो, मग दोन गोष्टींचा संबंध जोडायला लावतो आणि शेवटी तीन गुणांसाठी ‘स्वमत’ मागतो. सात गुणांच्या एका प्रश्नात ही चढण बसवली आहे. पहिल्या पायरीवर कुणालाही पाय ठेवता यावा आणि शेवटच्या पायरीवर हुशार मुलालाही दम लागावा, अशी ही रचना आहे. ती करणाऱ्यांना मुले ठाऊक आहेत, हे जागोजागी जाणवते.

आता पद्य विभाग. त्यातली शेवटची कृती चार गुणांची: दिलेल्या ओळींचे रसग्रहण करा. सगळ्या कृतिपत्रिकेत मला हा प्रश्न सर्वांत मोठा वाटतो. अभ्यासक्रमात द. भा. धामणस्करांची ‘वस्तू’ ही कविता आहे. लहानशी, मुक्तछंदातली, एकही शब्द अडणार नाही अशी. घरातल्या निर्जीव वस्तूंशी कसे वागावे, एवढेच ती सांगते. पण कशी सांगते ते पाहा. कवी वाद घालत नाही. वस्तूंना जीव नसेल, मन नसेल, हे आधीच मान्य करतो, आणि ती कबुली देता देताच वागणुकीची अट घालतो. म्हणजे समोरच्याचे म्हणणे खोडून न काढता त्याला आपल्या बाजूला वळवतो. पुढे वस्तू सेवक असल्या तरी त्यांना बरोबरीने वागवावे म्हणतो, त्यांना वेगळी खोली नको, पण जागेची हमी हवी म्हणतो, आणि निरुपयोगी झाल्यावरही त्यांना कृतज्ञतेने निरोप मिळावा, असे मागतो. इथवर येता येता लक्षात येते की ही भाषा आपण वस्तूंबद्दल वापरतच नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंबद्दल, कोपऱ्यात खाट टाकून दिलेल्या आजोबांबद्दल बोलावे तसे हे बोलणे आहे. कवी त्यांचे नावही काढत नाही. न काढल्यामुळेच ती माणसे कवितेत येऊन बसतात.

हे सगळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दिसू शकते. वर्गात ही कविता मोठ्याने वाचली आणि जरा वेळ कुणी काही बोलले नाही, की एखादी मुलगी आईच्या शिलाई मशीनची गोष्ट सांगू लागते: ती विकायची नाही असे आई का म्हणते, रोज तिच्यावरची धूळ का पुसते. रसग्रहणाची सुरुवात तिथेच झालेली असते.

उत्तरपत्रिकेत मात्र त्या मशीनला जागा नसते. तिथे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद आखलेले असतात. पहिल्यात कवीचे नाव, कवितेचा विषय आणि संदेश. दुसऱ्यात ओळींचा सरळ अर्थ. तिसऱ्यात ‘भाषा साधी, सोपी व ओघवती आहे, कविता वाचकाच्या मनाला थेट भिडते’. क्लासच्या नोट्समध्ये, अपेक्षित प्रश्नसंचांत थोड्याफार फरकाने हीच वाक्ये सापडतात. हे तिसऱ्या परिच्छेदातले वाक्य नारायण सुर्व्यांच्या ‘दोन दिवस’खाली लिहून पाहा. संत नामदेवांच्या अभंगाखाली, आसावरी काकडे यांच्या ‘खोद आणखी थोडेसे’खाली लिहून पाहा. कुठेही बसते. जे प्रत्येक कवितेखाली बसते, ते लिहायला कविता वाचावीच लागत नाही.

दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. तीन तासांत ८० गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे, रसग्रहणाला नऊ. नऊ मिनिटांत कविता पुन्हा वाचायची, विचार करायचा आणि सुवाच्य अक्षरात लिहायचे. अशा वेळी तयार वाक्य हाताशी असेल तर ते कोण लिहिणार नाही? परीक्षकाचेही तेच. पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, मुदत तोंडावर, आणि दिलेला प्रत्येक गुण उद्या छायाप्रत मागवणाऱ्या पालकाला मुद्द्यावर बोट ठेवून दाखवता यायला हवा. शिलाई मशीनला गुण द्यायचा तर तो कोणत्या मुद्द्याखाली दाखवायचा? नाव, विषय, संदेश, अलंकार यांवर बरोबरची खूण करणे त्याच्यासाठी सुरक्षित असते.

म्हणूनच प्रश्न सोपे झालेत, हे मला पटत नाही. प्रश्न अवघडच आहे. तो चुकवण्याची वाट सोपी झाली आहे, आणि त्या वाटेनेही पूर्ण गुण मिळतात. निकालाच्या आकड्यांवरून पेपरची काठिण्यपातळी ठरवणाऱ्यांनी तीन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले, तो ७७.१० वर आला. २०२० मध्ये ते गुण परत आले, निकाल ९५.३० झाला. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. पण राज्यभरातली मुले एका वर्षात मठ्ठ आणि पुढच्याच वर्षी हुशार होत नाहीत. त्यावर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे, कला आणि क्रीडेचे वाढीव गुण आहेत. शंभर टक्क्यांची जी बातमी छापून येते, तिचा बराचसा हिशेब कृतिपत्रिकेच्या बाहेर होतो. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला.

‘पेपर कठीण काढा’ या मागणीने काय होईल, तेही डोळ्यांपुढे येते. कठीण प्रश्नाची कठीण उत्तरे दोन महिन्यांत छापून बाजारात येतील. जो क्लासची फी भरू शकतो त्याच्याकडे ती असतील. मेळघाटातल्या आश्रमशाळेतल्या मुलाकडे नसतील.

या कृतिपत्रिकेनेच दुसरी वाट दाखवली आहे. गद्य विभागात चार गुणांचा अपठित उतारा असतो, मुलाने पूर्वी न पाहिलेला. तिथे मंडळ मुलांवर विश्वास टाकते, आणि मुले तो उतारा सोडवतात. मग कवितेच्या बाबतीत हा विश्वास का नसावा? रसग्रहणाच्या त्याच चार गुणांसाठी आठ-दहा ओळींची अपठित कविता द्यावी. कवीचे नाव छापावे, म्हणजे ते आठवण्यात वेळ जाणार नाही. तीन परिच्छेदांची आखणी काढून टाकावी. वेळ नऊ मिनिटांऐवजी पंधरा मिनिटांचा धरावा आणि त्यासाठी भाषाभ्यासातली एखादी कृती कमी करावी. चार गुणांमुळे कुणी नापास होणार नाही, आणि ‘मनाला थेट भिडते’ तिथे चालणार नाही, कारण काय भिडले ते दाखवावे लागेल. शहरातला मुलगा आणि आश्रमशाळेतला मुलगा त्या प्रश्नापुढे अगदी बरोबरीने उभे राहतील असे नाही. शहरातल्या घरात पुस्तके जास्त असतात. पण दोघांपैकी कुणाकडेही पाठ केलेले उत्तर नसेल.

परीक्षकासाठी सूचना दोनच असाव्यात. मूल कवितेतल्या कोणत्या शब्दापाशी किंवा ओळीपाशी थांबले, हे त्याने दाखवले असेल तर दोन गुण. का थांबले, हे स्वतःच्या भाषेत सांगितले असेल तर उरलेले दोन. ते सांगताना वाक्य मोडके असले, शब्द बोलीतला असला, तरी गुण कापू नयेत.