डायल बदल (अनिवार्य)

माझ्या फोनमध्ये एक दोन पानी पीडीएफ आहे. घड्याळ दुरुस्तीचं एस्टिमेट. त्यातली तिसरी ओळ अशी: ‘डायल बदल (अनिवार्य)’. मूळ इंग्रजीत, मराठी मी केलंय. गेल्या वर्षभरात हा मजकूर मी इतक्या वेळा वाचलाय की आता त्याच्याबद्दल लिहायचा मला अधिकार आहे असं वाटतं. लोक कादंबऱ्यांची परीक्षणं लिहितात, सिनेमांची लिहितात. हे एका एस्टिमेटचं परीक्षण समजा.

आधी घड्याळाबद्दल. बाबा नव्वदच्या दशकात मस्कतला एसी टेक्निशियन होते. 1996 मध्ये सुट्टीवर येताना त्यांनी तीन महिन्यांची बचत घालून एक स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. आईनं सोनं आणायला सांगितलं होतं. घरात या विषयावर अजूनही अधूनमधून सुनावणी होते. माझी पहिली नोकरी लागली त्या संध्याकाळी बाबांनी ते मनगटावरून काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “मोबाईलमध्ये दिसते की मला वेळ.” बस, एवढाच समारंभ.

काळी डायल, आणि आकड्यांच्या जागी ठिपके. नवीन असताना ते हिरवट-पांढरे असणार, मी बघितले तेव्हा सायीच्या रंगाचे झाले होते. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कशालाही ‘रेडियम’ म्हणतात. हे खरं तर ट्रिशियम. सहाच्या ठिपक्याखाली बारीक अक्षरांत ‘टी स्विस मेड टी’ असं छापलेलं असायचं, त्यातला ‘टी’ तो. ट्रिशियमचं अर्धायुष्य सुमारे 12 वर्षं, म्हणजे आमच्या घड्याळाची चमक कधीच विझली होती. पट्टा अडकवायच्या डाव्या कानावर एक खोल ओरखडा होता. डक्टच्या पत्र्याचा, रुवीतल्या कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवरचा. मस्कतबद्दल बाबांनी आम्हाला फारसं काही सांगितलेलं नाही. जे सांगितलं ते बहुतेक या ओरखड्यावर बोट ठेवून.

मागच्या वर्षी ते दिवसाला चार मिनिटं मागं पडायला लागलं. यात घड्याळाचा दोष नाही. या जातीची घड्याळं साधारण तासाला 28,800 ठोके देतात, सेकंदाला आठ. वर्षाचा हिशोब 25 कोटींच्या वर जातो. आतलं तेल सुकतं, चाकं झिजतात. बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात की पाच ते दहा वर्षांनी सर्व्हिसिंग करा. आम्ही फार उशीर केला होता. पुण्यातल्या शोरूमनं घड्याळ घेतलं, मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. घेतलं की चर्चा त्या एका कंपनीची होते, आणि मला त्या भाषेबद्दल बोलायचंय.

एस्टिमेट आलं तेव्हा मी स्टँडअपमध्ये होतो. 68,400 रुपये. खाली दोन बटणं: ‘सर्व मंजूर’ भरीव निळं, ‘चर्चा करा’ फिकट राखाडी. मी निळं दाबलं. हे लिहिताना कान गरम होतात, कारण असली बटणं बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कुठल्या बटणाला कुठला रंग दिला की बोट कुठं जातं हे मला माहीत आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. तरी बोट तिथंच गेलं.

पुढं सात महिने. दर काही आठवड्यांनी मेसेज: ‘आपले घड्याळ तंत्रज्ञांकडे आहे’, ‘सुटे भाग अपेक्षित आहेत’, पुन्हा ‘आपले घड्याळ तंत्रज्ञांकडे आहे’. फोन केला की प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून कहाणी. आठव्या महिन्यात घड्याळ आलं, छान डबीत. काळी कुळकुळीत डायल, पांढरे शुभ्र ठिपके, नवे काटे. केस पॉलिश करून आरशासारखी, ओरखडा गायब. रविवारी घरी गेलो. बाबांनी हात धरून बघितलं आणि विचारलं, “छान आहे रे. नवीन घेतलंस?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तर परीक्षण. एस्टिमेटच्या एकाही वाक्याला कर्ता नाही. डायल बदलली जाईल. केस पॉलिश केली जाईल. जुने भाग परत दिले जाणार नाहीत. कोण बदलणार, कोणाला अनिवार्य, ठेवून कोण घेणार, याचा पत्ता नाही. ‘अनिवार्य’ हा शब्द तर बघण्यासारखा आहे. तेल बदलणं अनिवार्य हे मला समजतं, त्याशिवाय यंत्र चालणार नाही. डायल चालण्यासाठी लागत नाही. ती तीस वर्षांची असली तरी काटे फिरतातच. न्यायानं बोलायचं तर कंपनीची बाजूही आहे. जुना ट्रिशियमचा लेप ठिसूळ होतो, त्याचा कण निसटून यंत्रात पडू शकतो. किरणोत्सारी पदार्थ हाताळणं कारागिरालाही नको असतं. पण मग हे दोन ओळीत लिहा ना! ‘आम्हाला ही डायल ठेवायची नाही, तुम्ही काय म्हणता?’ असा प्रश्न विचारता आला असता. जिथं प्रश्न हवा तिथं त्यांनी कंस टाकला.

आता याच्या शेजारी दुसरा मजकूर ठेवा. 1996 मध्येच, बाबांनी घड्याळ घेतलं त्याच वर्षी, पाटेक फिलिपनं आपली ‘जनरेशन्स’ नावाची जाहिरातमालिका सुरू केली. (आमचं घड्याळ त्यांचं नाही, तेवढी आमची उडी नव्हती.) बाप-मुलगा, मंद उजेड, आणि आशय असा की हे घड्याळ तुमच्या मालकीचं नसतंच, तुम्ही ते फक्त पुढच्या पिढीसाठी सांभाळता. जाहिरात म्हणून ही कमाल आहे हे मान्यच करायला हवं. महागड्या खरेदीमागची अपराधी भावना तिनं एका वाक्यात कर्तव्यात बदलली. अख्ख्या धंद्याला तो सूर आवडला. आज कुठल्याही महागड्या घड्याळाच्या शोरूममध्ये जा, सेल्समन तुमच्या न जन्मलेल्या मुलाबद्दल बोलायला लागतो.

हा सूर हवेतून आलेला नाही. 25 डिसेंबर 1969 ला सेकोनं टोकियोत क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं, आणि पुढच्या काही वर्षांत अचूक वेळ स्वस्त झाली. स्वित्झर्लंडमध्ये 1970 च्या सुमारास या उद्योगात सुमारे 90 हजार लोक होते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीस हजारांच्या थोडे वर उरले. जे टिकले त्यांच्याकडे अचूकतेच्या नावावर विकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मग त्यांनी टिकाऊपणा विकायला घेतला. बापाचं मुलाला, मुलाचं नातवाला. मला यात फसवणूक दिसत नाही, कारण यंत्र खरंच तितकं टिकू शकतं. गोची अशी की टिकणं घड्याळाच्या एकट्याच्या हातात नसतं. कोणीतरी ते उघडायला हवं, आणि उघडणाऱ्याकडे सुटे भाग हवेत.

सुटे भाग कोणाला द्यायचे यावर युरोपात तेरा वर्षं भांडण चाललं. 2004 मध्ये स्वतंत्र घड्याळजींच्या युरोपीय महासंघानं युरोपियन कमिशनकडे तक्रार केली की स्विस कंपन्या आम्हाला भाग देत नाहीत. 2008 मध्ये कमिशननं ती फेटाळली. 2010 मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. 2014 मध्ये कमिशननं पुन्हा फेटाळली आणि 2017 मध्ये न्यायालयानं या वेळी कमिशनची बाजू घेतली. म्हणजे कंपन्यांनी भाग फक्त आपल्या मंजूर दुरुस्तीवाल्यांना देणं चालतं. आपल्याकडे 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर केंद्र सरकारनं समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि गाड्या होत्या. घड्याळ नव्हतं. त्याबद्दल तक्रार करायला लाज वाटते. ट्रॅक्टर आधी यायलाच हवा.

आपल्या घरांत पिढीजात वस्तू म्हणजे सोनं. आईचा सोनार जुनी बांगडी घेतो तेव्हा समोर वजन करतो, घट किती ते सांगतो, मोडीचे पैसे नव्या दागिन्यात वळते करतो. तोही काही संत नाही, आईचा त्याच्यावर कायम संशय असतो. पण निदान जुनी वस्तू कोणाची होती याबद्दल दोघांचं एकमत असतं. माझी जुनी डायल कंपनीनं ठेवून घेतली, मोडीचा एक रुपया दिला नाही, वर नव्या डायलचे पैसे लावले. आणि संग्राहकांच्या बाजारात किंमत मूळ डायलला असते, बदललेलीला नाही. म्हणजे त्यांनी दुरुस्त करून माझ्या घड्याळाची किंमत कमी केली, आणि पावती दिली.

एवढं होऊन निदान चालायला हवं होतं. जूनच्या पहिल्या पावसात काचेच्या आतून वाफ धरली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: चावी नीट दाबलेली नसावी, वॉरंटीत बसत नाही. मी ते घेऊन शनिवार पेठेतल्या एका घड्याळजींकडे गेलो. दोन फुटांची टपरी, डोळ्याला भिंग. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मला वाकायला सांगितलं. “हे रबर बघा साहेब. दुमडून बसवलंय.” ते सरळ करून बसवायला त्यांना दहा मिनिटं लागली आणि त्यांनी पैसे घेतले नाहीत. “आतलं काही बिघडलं तर मात्र माझ्याकडे नका आणू. याचे पार्ट आम्हाला देत नाहीत. एचएमटी असेल तर आणा, डोळे मिटून करतो.”

झाकण बाहेरच्या माणसानं उघडलं म्हणून उरलेली वॉरंटीही संपली. दुमडलेल्या रबराचा फोटो मी कंपनीला पाठवला, जुनी डायल परत मागितली. उत्तर आलं: जुने भाग धोरणानुसार नष्ट केले जातात. तिकीट ‘निराकरण झाले’ म्हणून बंद. खाली पाच रिकाम्या चांदण्या, अनुभव कसा वाटला?

आता ग्राहक आयोगाचा ऑनलाइन अर्ज भरतोय. नाव, पत्ता, पावती, पत्रव्यवहार, सगळं जोडून झालं. एका चौकटीत अडकलोय, तिथं नुकसानभरपाईची रक्कम लिहायची आहे. दुरुस्तीचे 68,400 कळतात. डायलचे किती? ओरखड्याचे किती? बाबांना विचारलं तर म्हणाले, “कशाला कोर्टकचेऱ्या.” आई आतून म्हणाली, “तेव्हाच्या त्या पैशाचं आज किती सोनं झालं असतं, ते लिही.”