सूक्ष्मशैवालांची वाढ व पोषकद्रव्ये : पूर्णगड खाडीच्या संदर्भात एक चिकित्सा

नत्राची कमतरता भासताच सूक्ष्मशैवालांतील मेदाचे प्रमाण वाढते, हा निष्कर्ष वारंवार मांडला जातो. तो खरा असला तरी अपुरा आहे. नत्राअभावी प्रथिननिर्मिती व पेशीविभाजन मंदावते. परिणामी टक्केवारी वाढूनही एकूण मेद-उत्पादन घटू शकते.

दुसरी मर्यादा प्रयोगपद्धतीची आहे. प्रयोगशाळेत क्षारता व प्रकाश स्थिर ठेवले जातात. पूर्णगड येथे मात्र मुचकुंदी नदी समुद्रास मिळते. पावसाळ्यात तेथील क्षारता उतरते, गढूळपणामुळे प्रकाश घटतो आणि डायटमना आवश्यक सिलिका नदीतून येते. उन्हाळ्यात क्षारता पुन्हा चढते. रेडफिल्ड यांचे कर्ब, नत्र व स्फुरदाचे १०६:१६:१ हे गुणोत्तरही सागरी सरासरीच होय.

म्हणून प्रतिदिन उत्पादन व ऋतुनिहाय क्षारता नोंदविल्याशिवाय कोकणातील शैवालसंवर्धनाविषयीची अनुमाने ग्राह्य मानता येणार नाहीत.