'फॅनगर्ल'मधला निक

'फॅनगर्ल' मी कंपनीच्या बसमध्ये वाचलं, हिंजवडीच्या ट्रॅफिकच्या कृपेने चार दिवसांत. तेही कव्हर बॅगेआड लपवून. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने कॉलेजातल्या मुलीची गोष्ट वाचावी याची लाज वाटत होती की 'फॅन' या शब्दाची, देव जाणे.

रेनबो रॉवेल या अमेरिकन लेखिकेची ही २०१३ची कादंबरी. कॅथ आणि रेन या जुळ्या बहिणी ओमाहाहून लिंकनला, नेब्रास्का विद्यापीठात शिकायला येतात. आईला एकच मूल अपेक्षित होतं, म्हणून तिने 'कॅथरिन' या नावाचे दोन तुकडे करून दोघींना वाटून टाकले. पुढे ती घर सोडून गेली. वडील प्रेमळ, पण मानसिक आजाराने अधूनमधून कोलमडणारे. अशा घरात या मुलींना सायमन स्नोचा आधार होता. हा हॅरी पॉटरचा काल्पनिक चुलतभाऊ म्हणा. जादूच्या शाळेतला मुलगा, पुस्तकांची मालिका, जगभर वेडे चाहते, सगळं तसंच. कॅथ त्याच्यावर फॅनफिक्शन लिहिते आणि हजारो लोक ते नेटवर वाचतात. रेनही पूर्वी सोबत लिहायची. कॉलेजात आल्यावर मात्र तिला वेगळी खोली हवी असते, आणि वेगळं आयुष्यही.

सुरुवातीलाच कॅथ जेवायला जात नाही. मेस कुठे आहे, रांग कुठून लागते, कुणाला विचारायचं याची तिला इतकी धास्ती की ती खोलीत बसून एनर्जी बार आणि पीनट बटर खात राहते. इथे मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पहिले आठ दिवस मी आईने दिलेला चिवडा आणि पार्ले-जी यांवर काढले होते. मेसमध्ये ताट आपण उचलायचं की कुणी देतं, एवढंच मला माहीत नव्हतं.

तेव्हा मला वाटलं, मीच कॅथ. या पुस्तकाचे बहुतेक वाचक असंच म्हणत असणार.

मग लेखनाच्या तासाला प्रोफेसर पाइपर येतात. कॅथ असाइनमेंट म्हणून सायमन स्नोची कथा देते, तर बाई तिला सरळ नापास करतात. दुसऱ्याची पात्रं, दुसऱ्याचं जग, म्हणजे चोरी. आपल्याकडे हा नियम लावला असता तर 'ययाति' (१९५९) आणि 'मृत्युंजय' (१९६७) कुठून आल्या असत्या? अर्थात ही तुलना थोडी ओढूनताणून आहे. महाभारत कुणा एकाच्या मालकीचं नाही, आणि सायमनची लेखिका कादंबरीच्या जगात अजून पुस्तकं काढतेय.

माझ्या धंद्यातलं उदाहरण जास्त जवळचं. आम्ही रोज दुसऱ्याचा कोड उचलून त्यावर आपलं काहीतरी बांधतो. एमआयटी लायसन्स तर जवळपास सगळीच मुभा देतं. घ्या, बदला, विका, फक्त मूळ लेखकाची नोटीस काढू नका. कॅथ कधीच ती नोटीस काढत नाही. सायमन आपला नाही, हे ती आणि तिचे वाचक दोघंही जाणून असतात.

नोटीस काढतो तो निक. वर्गातला हा मुलगा आणि कॅथ लायब्ररीत बसून एकाच वहीत आळीपाळीने कथा लिहितात. पुढे तो ती एकट्याच्या नावावर देतो. पात्रं त्याची, जग त्याचं, सगळं 'ओरिजिनल'. पाइपरबाईंच्या व्याख्येत बसणारी चोरी एक, आणि वाचकाच्या पोटात कालवाकालव करणारी वेगळीच, हे रॉवेल कुठेही भाषण न देता मांडते. पुस्तकातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही.

आवडलेली, आणि झोंबलेलीही. कारण मी कॅथ नाही, निक आहे.

माझी एक मावसबहीण माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी, आणि तेवढ्या भांडवलावर हक्काने 'ताई' म्हणवून घेणारी. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोनशे पानी वहीत हॉगवर्ट्सला गेलेल्या साताऱ्याच्या मुलीची गोष्ट लिहायचो. एक प्रकरण तिचं, एक माझं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी साहित्य मागवलं, तेव्हा मी तिच्याकडून वही आणली, हॉगवर्ट्सचं एक साधं बोर्डिंग स्कूल केलं, नावं बदलली आणि कथा दिली. चांगली प्रकरणं तिची होती. खाली नाव फक्त माझं. गणपतीत मावशीने कौतुकाने तो अंक सगळ्यांना दाखवला. ताईने दोन पानं वाचली, "छान छापलंय" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पुस्तकात दोष आहेत. लीवाय हा कॅथचा मित्र इतका गोड आहे की असा मुलगा फक्त फॅनफिक्शनमध्ये सापडावा. तरी वाचायला अडखळणाऱ्या या मुलाला ती रात्रभर मोठ्याने पुस्तक वाचून दाखवते, ते प्रकरण मी दोनदा वाचलं. प्रकरणांच्या मधले सायमन स्नोचे उतारे मात्र मी पुढे पुढे सरकवले. आणि शेवटी कॅथच्या स्वतंत्र कथेला बक्षीस मिळतं ते मला खटकलं. तिचं लिखाण खरं आहे हे आधीच पटलेलं असताना हे सर्टिफिकेट कशाला? जणू लेखिकेलाच पाइपरबाईंची भीती वाटली.

निक नंतर परत येतो. कॅथचंही नाव घालू म्हणतो. ती नको म्हणते. ही पानं वाचताना जाणवलं की उशिरा नाव देण्यात निकचीच सोय जास्त आहे. म्हणून दोन दिवस मी काहीच केलं नाही. मग मेसेज टाकला: ती गोष्ट आपल्या दोघांची होती, तुझं नाव मी काढलं.

रात्री उशिरा ताईचं उत्तर आलं. "माहितीये. वही माझ्याकडे आहे. हवी असेल तर येऊन घेऊन जा."

अजून गेलेलो नाही.