झाकलेला चेहरा

मार्च १९६६ च्या ब्रिटिश 'व्होग'चे मुखपृष्ठ पाहावे. डेव्हिड बेलीने टिपलेल्या त्या चेहऱ्यावर हात आडवा आला आहे. बोटांच्या फटीतून एक डोळा आपल्याकडे रोखून पाहतो. हा डोळा डोनियेल लुनाचा. 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली कृष्णवर्णीय मॉडेल. या घटनेचा गौरव पुष्कळ झाला. पण पहिल्या काळ्या स्त्रीला हे मुखपृष्ठ मिळाले तेव्हा तिचे नाक आणि ओठ झाकलेले असावेत, याचा अर्थ काय? छायाचित्रकाराचा हेतू येथे गौण आहे. गोऱ्या सौंदर्यदृष्टीला काय पचत होते, ते चित्रच सांगते.

लुनाचे मूळ नाव पेगी अ‍ॅन फ्रीमन. जन्म १९४५ चा, डेट्रॉइटचा. बाप फोर्डच्या कारखान्यात कामाला. जानेवारी १९६५ च्या 'हार्पर्स बझार'च्या मुखपृष्ठावर ती आली, पण रेखाचित्र म्हणून. त्याच वर्षी रिचर्ड अ‍ॅव्हडनने काढलेली तिची छायाचित्रे त्या मासिकात छापून आली, तेव्हा दक्षिणेकडील जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या. रेखाटलेली काळी बाई चालते, हाडामांसाची चालत नाही! वर्षअखेरीस तिने लंडन गाठले. अमेरिकन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर काळी स्त्री यायला ऑगस्ट १९७४ उजाडावा लागला. ती बेव्हर्ली जॉन्सन.

लुनावरचा मुख्य आक्षेप असा की, तिने स्वतःचे काळेपण नाकारले. विचारले की ती आपले मूळ कधी मेक्सिकन, कधी आयरिश सांगे. १९६६ च्याच ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. त्याच्याच नावावरून १९७२ मध्ये मुंबईत आपली दलित पँथर जन्मली. या परंपरेच्या मापाने लुना पळपुटी ठरते.

मीही तिला पळपुटीच म्हटले असते. पण नोकरी लागल्यावर शहरात खोली शोधताना मी आडनाव गिळले होते. नुसते गावाचे नाव सांगितले होते. खोली मिळाली. तिच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावायला मात्र मला आठ महिने लागले.

म्हणून लुनाचे समर्थन करावे असे मी म्हणत नाही. आपल्या माणसांपासून तोडून मिळालेली प्रतिष्ठा माणसाला एकटे पाडते. मे १९७९ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती रोममध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने मेली. परंतु लपविणाऱ्याला जाब विचारण्याआधी, लपविणे ही ज्यांनी प्रवेशाची अट केली त्यांना तो विचारला पाहिजे. आपली टीका पुष्कळदा येथेच चुकते. ती आपल्यातल्या दुबळ्याला झोडपते आणि दार अडवून उभ्या असलेल्याला मोकळे सोडते.

लुनानंतर अनेक काळ्या स्त्रिया त्या दारातून आत गेल्या, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र सुंदर कोण हे ठरविणारी मोजपट्टी कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्या प्रवेशाने सुटत नाही. साहित्याच्या दाराशी उभे असलेल्या आपल्यालाही तो सुटलेला नाही.