अपघातवृत्तातील भयानक आणि करुण

सुशिक्षित कुटुंबांत रोज सकाळी जे गद्य सर्वांत आधी आणि सर्वांत लक्षपूर्वक वाचले जाते, ते कादंबरीचे नव्हे की निबंधाचे नव्हे, तर अपघाताच्या वार्तेचे होय. असे असूनही या गद्याचे परीक्षण करावे, असे आमच्या टीकाकारांच्या सहसा मनात येत नाही. ते घाईत लिहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. त्याला वाङ्मय म्हणणे हा वाङ्मयाचा अपमान होईल, अशी त्यांची समजूत असावी. परंतु आपल्या मुलाने कोणत्या वाहनातून जावे आणि कोणत्यातून जाऊ नये, हे ज्या गद्यावरून माणसे ठरवितात, त्याचा परिणाम पुष्कळ नामांकित कादंबऱ्यांहून खोल असतो, हे कबूल केले पाहिजे.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाण करताच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर कित्येक दिवस विमानप्रवास करावा की न करावा, याखेरीज मध्यम वर्गाच्या बैठकीत दुसरा विषय नव्हता. ही चर्चा चालू असताना रस्त्यावर काय चालले होते? सरकारी गणनेप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सरासरीने पाहता हे रोजचे सुमारे ४६२ मृत्यू होतात. म्हणजे अहमदाबादच्या विमानात गेलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेही एकाही दिवसाचा खाडा न करता. उलट, अमेरिकेतील प्रा. आर्नल्ड बार्नेट व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या हिशेबानुसार २०१८ ते २०२२ या काळात जगभर विमानात चढणाऱ्या दर १ कोटी ३७ लाख प्रवाशांमागे एक मृत्यू झाला. १९६८ ते १९७७ या दशकात हेच प्रमाण साडेतीन लाखांमागे एक असे होते. म्हणजे अर्ध्या शतकात विमानातला धोका सुमारे चाळिसाव्या हिश्श्यावर आला. हे आकडे खोटे आहेत असे कोणी म्हणत नाही. परंतु ते ऐकून कोणाची भीती गेल्याचेही ऐकिवात नाही.

महाड तालुक्यातील दासगावासारखे गाव या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. सावित्रीच्या खाडीवरील हे जुने बंदर. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून आले ते बोटीने, आणि उतरले ते दासगावलाच. त्या काळी प्रवासाची भीती म्हणजे पाण्याची भीती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. तिचे नाव या किनाऱ्यावरची माणसे अद्याप विसरलेली नाहीत. आता बोटी गेल्या आणि गावावरून मुंबई-गोवा महामार्ग धावतो. आखाती देशात नोकरीस निघालेला मुलगा याच रस्त्याने दीडशेहून अधिक किलोमीटर जाऊन मुंबईचा विमानतळ गाठतो. घरची आई देवापाशी निरांजन लावते ते विमान सुटण्याच्या वेळेचा अदमास घेऊन. मुलगा विमानतळावर सुखरूप पोहोचला, म्हणजे प्रवासाचा जो भाग खरोखर जोखमीचा तो संपला, ही गोष्ट तिच्या ध्यानात येत नाही. आणि यात तिचा दोष फारसा नाही. तिने जे वाचले व ऐकले, त्यात रस्त्याला भय असे नावच नव्हते.

वास्तविक भय नसायला या तालुक्याइतके अपात्र स्थळ दुसरे नसेल. महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान सावित्रीवर ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदीला महापूर आला असता, तो कोसळला. जयगडहून मुंबईस आणि राजापुराहून बोरिवलीस निघालेल्या दोन एस.टी. गाड्या व एक तवेरा मोटार अंधारात त्या खिंडारातून खाली गेली. चाळीसच्या आसपास माणसे नाहीशी झाली. नाहीशी झाली असेच म्हटले पाहिजे, कारण गाड्यांचे सांगाडे हाती येण्यास आठवड्याहून अधिक काळ लागला, आणि काही प्रेते खाडी ओलांडून थेट समुद्रकिनाऱ्यावर जाऊन लागली. ती दासगावावरूनच वाहत गेली असली पाहिजेत. नदीला दुसरी वाट नाही. पुढे २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटात कोसळली आणि एकच माणूस वाचला. तरी या दोन घटनांनंतर, घाटाने किंवा महामार्गाने जाऊ नये, अशी चर्चा अहमदाबादनंतर झाली तशी झाली नाही.

याचे कारण म्हणून मानसशास्त्रज्ञ असे सांगतात की, मोटारीत सुकाणू आपल्या हाती असते, विमानात नसते. आम्हांस हे पुरेसे वाटत नाही. एस.टी.च्या प्रवाशाच्या हाती तरी काय असते? तो बहुधा झोपलेला असतो. फार तर त्याला चालकाची मान दिसते आणि प्रसंगी ‘गाडी थांबवा’ असे ओरडण्याची मुभा असते, इतकेच. खरा फरक आमच्या मते या दोन अपघातांच्या कथनात आहे.

आमच्या साहित्यशास्त्रात भयानकाचा स्थायीभाव भय आणि करुणाचा शोक. भय पुढे पाहते, शोक मागे पाहतो. विमान पडले की वृत्तकाराची लेखणी आपसूक भयानकाकडे वळते: आकाश, अग्नी, अखेरचा संदेश, आणि हे सारे ज्याच्या आश्रयाने उभे राहावे असा एक प्रचंड आलंबनविभाव, म्हणजे ते विमान. वाचक लगेच स्वतःला त्या आसनावर बसवितो. बस दरीत गेली की तीच लेखणी करुणाकडे जाते. ‘काळाने घाला घातला’, ‘नियतीने डाव साधला’, ‘आनंदावर विरजण पडले’, ही वाक्ये इतकी झिजली आहेत की त्यांत अपघाताचे नाव बदलले तरी चालावे. सावित्रीच्या नावाचा मोह तर विचारूच नये. जिने यमाकडून पतीचे प्राण परत आणले तिनेच इतक्यांचे प्राण घेतले, ही कोटी सुचण्यास कवी असावे लागत नाही. पण ती एकदा लिहिली गेली की पूल मागे पडतो आणि नदी अपराधी ठरते. मग नदीला कोण काय विचारणार? ॲरिस्टॉटलने करुणा आणि भीती यांत भेद केला तो असा की, करुणा वाटते ती अकारण संकटात सापडलेल्याबद्दल, आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याबद्दल. दोन एस.टी. गाड्यांतील माणसांहून आमच्यासारखे अधिक कोण असणार? त्यांच्याविषयी आम्हांस हळहळ वाटली, भय वाटले नाही. हे आमच्या अपघातवाङ्मयाचे मोठे अपयश होय.

आता याच्या शेजारी निराळ्या जातीचे गद्य ठेवून पाहावे. अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर एका महिन्यात, १२ जुलै २०२५ रोजी, तपासयंत्रणेचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. इंधन बंद करणाऱ्या दोन खटक्यांची स्थिती सुमारे एका सेकंदाच्या अंतराने बदलली, एका वैमानिकाने दुसऱ्यास ‘इंधन का तोडले’ असे विचारले आणि दुसऱ्याने आपण तसे केले नाही म्हणून सांगितले, हे त्यात नोंदले आहे. त्यात विशेषण नाही, काळ नाही, नियती नाही. तो वाचताना अंगावर काटा येतो तो लेखकाच्या इच्छेने नव्हे. अशा तपासाचा हेतू कोणाला शिक्षा करणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा होय, असे आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या नियमांतच लिहिलेले आहे. १९५३ व १९५४ मध्ये ‘कॉमेट’ विमाने आकाशात फुटू लागली तेव्हा इंग्रजांनी एका विमानाचा सबंध सांगाडा पाण्याच्या टाकीत बुडवून, दाब पुनःपुन्हा चढवून उतरवून, धातू थकतो कसा हे शोधून काढले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर दोन विमाने एकमेकांवर आदळून ३४९ माणसे गेली, आणि त्यानंतर आपल्या देशात टक्कर टाळणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. विमान सुरक्षित झाले ते लोकांची भीती गेली म्हणून नव्हे. लोक भीत होते, म्हणून प्रत्येक अपघाताचा जाब विचारणे भाग पडले. यास्तव विमानाला भिणाऱ्यास हसणारी जी एक नवी पंडिती आली आहे, तिच्याशीही आमचे जुळत नाही.

मात्र अस्थानी भीतीची किंमत द्यावी लागते, हेही खरे. ११ सप्टेंबर २००१ नंतर पुष्कळ अमेरिकन लोकांनी विमान सोडून मोटार धरली. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हिशेब केला, तेव्हा पुढील बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे दीड हजार मृत्यू अधिक झाल्याचे त्याला आढळले. त्या दीड हजारांवर कोणी शोकांतिका लिहिली नाही.

सावित्रीचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या कामगिरीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु पडलेल्या पुलाची तपासणी त्याच वर्षीच्या मे महिन्यात झाली होती आणि त्यात त्याला धोका नसल्याचे म्हटले होते, हे त्या वेळी बाहेर आले. तपासणाऱ्याने काय पाहिले, कशाने पाहिले, पाण्याखालचा पाया पाहिला की नाही, याचे अहमदाबादच्या अहवालासारखे सेकंदासेकंदाचे गद्य मराठी वाचकाच्या घरी कधी पोहोचले नाही. त्याच्या वाट्यास महामार्गाच्या कडेची पाटी तेवढी येते: ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’. या वाक्यात अपघात हा मातीचा गुण झाला आहे, जसा लाल रंग किंवा कातळ. वळण कोणी आखले, ते सुधारणार कोण आणि केव्हा, हे सांगणारा कर्ता त्यात कोठेच नाही.