तळ्याचा बळी: बेळ्ळंदूरच्या पाणलोटातील एका कथाबंधाचा तौलनिक विचार

१

बांधलेली भिंत रात्री कोसळते, पुलाची कमान टिकत नाही, खणलेल्या तळ्याला पाणी लागत नाही. मग माणसाचा बळी मागितला जातो आणि तो बहुधा घरातील तरुण स्त्रीचा असतो. हा कथाबंध बाल्कन प्रदेशापासून दख्खनपर्यंत आढळतो. लोकसाहित्याच्या तौलनिक अभ्यासात त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तथापि ही चर्चा मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरली: कथा मूळची कोठली, आणि तिच्यामागे नरबळीचा प्रत्यक्ष विधी होता काय? बळीची वार्ता कथेत कोणाला ठाऊक असते, कोणाची संमती घेतली जाते आणि गेलेले माणूस परत मागण्याचा अधिकार कोणाला मिळतो, या प्रश्नांकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले. प्रस्तुत विवेचन या तीन प्रश्नांपुरते मर्यादित आहे.

त्यासाठी बंगळूरच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूर हे सोयीचे ठिकाण आहे. येथील केरे, म्हणजे तळे, सुमारे ९०० एकरांचे असून शहरातील सर्वांत मोठे मानले जाते. कोरमंगल–चल्लघट्ट खोऱ्याचे पाणी या तळ्यात येते, येथून ते वर्तूरच्या तळ्यात आणि पुढे दक्षिण पिनाकिनीत जाते. ज्या कोरमंगलाचे पाणी बेळ्ळंदूरला उतरते, त्याच कोरमंगलात बंगळूरच्या स्थापनेशी जोडलेल्या एका बळीचे स्मारक आहे. १५३७ मध्ये केंपेगौडाने हे नगर वसविले असे मानले जाते. आख्यायिका सांगते की, किल्ल्याच्या वेशीचे बांधकाम पुनःपुन्हा कोसळू लागले, गरोदर स्त्रीचा बळी हवा असे सांगितले गेले आणि केंपेगौडाची सून लक्ष्मीदेवी हिने कोणालाही न कळविता रात्री वेशीपाशी जाऊन स्वतःचे शिर अर्पण केले. कोरमंगलातील स्थान तिच्या स्मरणार्थ उभारले गेले, अशी श्रद्धा आहे.

या आख्यायिकेत बळी स्वखुशीचा आहे आणि राजा निर्दोष आहे. त्याने मागितले नाही, सुनेने दिले. नगराच्या अधिकृत स्मृतीला कथेचे हेच रूप मानवते. वेस राज्याची असली की बळीची संमती कथेत गृहीत धरावी लागते, कारण संमतीवाचून राज्याचा पाया कलंकित ठरतो. येथे संमती हे लक्ष्मीदेवीच्या स्वभावाचे वर्णन आहे असे वाचण्यापेक्षा तिला स्थापनकथेची गरज म्हणून वाचणे अधिक युक्त ठरेल.

२

या कथाबंधाची युरोपातील सर्वाधिक परिचित रूपे तीन आहेत. वुक काराजिच यांनी संकलित केलेल्या सर्बियन कथनगीतात तीन भाऊ स्काडरचा किल्ला बांधतात. जी पत्नी दुसऱ्या दिवशी जेवण घेऊन येईल तिला चिणायचे, असे ठरते. दोघे वडील भाऊ शपथ मोडून आपापल्या पत्नीला सावध करतात. धाकटा गोइको शब्द पाळतो आणि त्याचीच पत्नी भिंतीत जाते. तान्ह्या मुलाला पाजता यावे म्हणून छातीपाशी झरोका ठेवा, असे ती मागते. रुमानियन परंपरेत मानोले हा गवंडी आर्जेशच्या मठासाठी पत्नी आना हिला चिणतो. ग्रीक परंपरेतील आर्ताच्या पुलाच्या गीतात पडलेली अंगठी काढण्याच्या निमित्ताने मुख्य गवंड्याच्या पत्नीला खाली उतरविले जाते. पूल थरथरत राहो, असा शाप ती देते; पण परदेशी गेलेला भाऊ कधीतरी याच पुलावरून येईल, याची आठवण करून दिल्यावर शाप मागे घेते.

मिर्चा एलिआदे यांनी १९४३ मध्ये मानोलेच्या कथेवर लिहिताना तिच्यात सृष्टिनिर्मितीचे तत्त्व पाहिले: वास्तू टिकायची तर तिच्यात प्राण ओतला गेला पाहिजे. अॅलन डंडीस यांनी १९९५ च्या निबंधात आणि १९९६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात बाल्कन अभ्यासकांच्या राष्ट्राभिमानी वादांवर बोट ठेवले. कथा आपल्याच देशाची असे म्हणणाऱ्यांनी भारतीय रूपांकडे पाहिलेच नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. विवाहसंस्था हीच स्त्रीला चिणणारी भिंत आहे, असा त्यांचा अन्वयार्थही फलदायी ठरला. परंतु दोन्ही विवेचनांत एक गोष्ट समान राहते. एलिआदे यांच्यासाठी सर्व रूपे एका आदितत्त्वाची, तर डंडीस यांच्यासाठी एका रूपकाची उदाहरणे होतात. भारतीय सामग्री पुढे आल्यावर मात्र हे ऐक्य टिकत नाही. एकमेकींच्या शेजारी नांदलेल्या कन्नड आणि मराठी परंपरांतही कथा भिन्न दिशांना जाते.

३

‘केरेगे हार’ हे कन्नड कथनगीत कर्नाटकात सर्वज्ञात आहे. कल्लनकेरीचा मल्लनगौड तळे बांधतो; पाणी लागत नाही. ज्योतिषी थोरल्या सुनेचा बळी सुचवितो. थोरली गेली तर घराचा कारभार कोण पाहील, अशा हिशेबाने धाकट्या भागीरथीवर पाळी येते. नवरा महादेवराय लष्करात दूर आहे. भागीरथीला सारे कळते. ती माहेरी जाते, पण बापाला खरे सांगत नाही. सासरी वाटणीचे घाटत आहे, एवढेच सांगते. खरे ती फक्त मैत्रिणीला सांगते आणि सासरी परतून कामाला लागते. डोळ्यांत पाणी का, असे विचारले असता डोळ्यांत काहीतरी गेले म्हणते. गंगेची पूजा आटोपून सगळे निघतात, तेव्हा सोन्याचे भांडे तळ्यात विसरल्याचे निघते. थोरल्या सुना परत जायला नाकारतात. भागीरथी जाते. पायरीपायरीने पाणी चढत जाते आणि ती बुडते. अपशकुनी स्वप्न पडलेला महादेवराय घोड्यावरून येतो. सासरघर त्याला खोटे सांगते, मैत्रीण खरे सांगते, आणि तोही तळ्यात उडी घेतो.

आर्ताची अंगठी आणि कल्लनकेरीचे सोन्याचे भांडे हे एकाच युक्तीचे दोन आविष्कार आहेत, हे उघड आहे. महत्त्वाचा फरक ज्ञानाच्या वाटपात आहे. ग्रीक व सर्बियन स्त्रियांना शेवटच्या क्षणापर्यंत काही कळत नाही. भागीरथीला आधीपासून कळते आणि तरीही ती जाते. म्हणून तिच्या जाण्याला त्याग म्हणण्याचा मोह वाचकांना होतो आणि ती लक्ष्मीदेवीच्या पंक्तीला बसविली जाते. गीताची रचना याला आधार देत नाही. गीत तिच्या तोंडी संमतीचे वाक्य घालत नाही; माहेरी न बोलणे, कामात गुंतणे आणि अश्रूंना निमित्त सांगणे, एवढेच दाखविते. ज्ञान आहे, पण ते वापरण्याची जागा नाही. बाप जमीनजुमला देऊन समजूत काढू शकतो. सुनेवरचा सासरचा हक्क तो नाकारू शकत नाही. बळी जाणारीचे नाव भागीरथी असावे, म्हणजे गंगेसाठी गंगाच पुरवावी, हा उपरोध गीत स्पष्ट न करता श्रोत्यांवर सोपविते. महादेवरायाच्या उडीने तळे बांधणाऱ्या घराचा धाकटा मुलगाही नाहीसा होतो. गीताने सासऱ्याला दिलेला दंड तो हाच.

४

मराठीत हा कथाबंध श्रावणातील शीतळासप्तमीच्या कहाणीत येतो. राजा गाव वसवितो, त्याला आपले नाव देतो, गावाबाहेर तळे बांधतो. पाणी लागत नाही. जळदेवता सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागतात. नातू लाडका आहे, पण त्याच्या एकट्याच्या जिवापेक्षा पुष्कळांचे जीव मोठे, असा विचार राजा करतो. सून कबूल होणार नाही हे तो जाणतो, म्हणून तिला माहेरी धाडतो, मुलाला ठेवून घेतो. मुलाला न्हाऊमाखू घालून, दागिने लेववून तळ्यात निजविले जाते आणि तळे भरते. सून भावासोबत परत येताना भरलेले तळे पाहते. त्या दिवशी तिचा वसा असतो. ती काकडीच्या पानावर दहीभात ठेवून पूजा करते. आपल्या वंशातले कोणी पाण्यात बुडाले असेल तर ते परत मिळावे, अशी प्रार्थना करते. तेव्हा कोणीतरी तिचे पाय ओढू लागते. पाहते तो तिचाच मुलगा.

ही कहाणी गोड शेवटाची म्हणून तौलनिक चर्चेत दुय्यम ठरविण्याचे कारण नाही. तिची रचना बारकाईने पाहिली तर तीन गोष्टी लक्षात येतात. एक, बळीचे स्थान स्त्रीकडून मुलाकडे गेले आहे, आणि आई ही अज्ञानात ठेवलेली व्यक्ती आहे. दोन, राजाचा युक्तिवाद सार्वजनिक हिताचा आहे. कहाणी त्याचे खंडन करीत नाही, पण त्या युक्तिवादाला आईची फसवणूक करावी लागली, हे नोंदवून ठेवते. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, प्रार्थना आईच्या ज्ञानावर अवलंबून नाही. मुलगा तळ्यात आहे हे तिला ठाऊक नसते. व्रताच्या विधीतच ती मागणी आधीपासून समाविष्ट आहे. प्रत्येक घराच्या पाण्यात कोणीतरी बुडालेले असणार, असे विधी गृहीत धरतो आणि दरवर्षी ते परत मागायला लावतो. पाण्याकाठी सात दगडांच्या रूपाने पुजल्या जाणाऱ्या आसरा मुले ओढतात, ही मराठी लोकश्रद्धा या विधीची पार्श्वभूमी होय. राजा देवतेशी देवघेव करतो. सून त्याच देवतेकडून दहीभाताच्या मोबदल्यात ती देवघेव रद्द करून घेते, आणि तळ्याचे पाणी मात्र आटत नाही. पाणी आणि मूल यांपैकी एकच मिळेल, हा राजाचा हिशेब चुकीचा होता, असे कहाणी घटनेतून सिद्ध करते.

आर्ताच्या स्त्रीला भावासाठी शाप आवरावा लागतो. मराठी सुनेचा भाऊ तिच्या सोबत चालत असतो. भागीरथी माहेरी सत्य लपविते. मराठी सून माहेरची सोबत घेऊन तळ्याशी येते. सासरच्या सत्तेपुढे माहेर कोठवर पोचते, यावर या तीन कथांचे शेवट अवलंबून आहेत, असे म्हणता येईल.

कन्नड गीत आधीचे की मराठी कहाणी, हा प्रश्न येथे सोडवायचा नाही. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्ही भाषा एकाच मुलखात वावरत आल्या. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाने दाखवून दिल्याप्रमाणे अशा प्रदेशात उसनवारीपेक्षा सामायिक वारशाची भाषा अधिक उपयोगी पडते.

५

तथापि शीतळासप्तमीच्या कहाणीची एक मर्यादा स्पष्टपणे मांडली पाहिजे. परत मागण्याचा अधिकार ‘वंशा’पुरता आहे. मुलगा परत येतो, कारण तो राजाचा नातू आहे आणि त्याला मागणारी आई त्या वंशाचे व्रत पाळते. ज्यांचा वंश तळे बांधणाऱ्याच्या वंशात मोडत नाही, त्यांचे काय?

या प्रश्नाला मराठीत उत्तर आहे, पण ते लोककथेत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त प्रसिद्ध झाला. मोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेलशेंदूर पाजून पुरले जाई, असे तिने त्यात नोंदविले. कथाबंधाच्या सूचीत हे विधान ‘वास्तुबळी’ या सदरात सहज बसविता येईल, आणि तसे करणे ही गंभीर चूक ठरेल. येथे राजा, स्वप्न, देवता, सोन्याचे भांडे काहीच नाही. बळीची संमती घेतली की नाही, हा प्रश्नसुद्धा कोणाला पडलेला नाही. निवेदन करणारी व्यक्ती बळी गेलेल्यांच्या समाजातील आहे आणि ती गोष्ट सांगत नाही, तक्रार मांडत आहे. जी गोष्ट अभ्यासकांच्या दृष्टीने कल्पनाबंध असते, ती दुसऱ्या कोणाच्या दृष्टीने साक्ष असू शकते, याचे भान तौलनिक अभ्यासाने ठेवले पाहिजे.

गुजरातेतील पाटणच्या सहस्रलिंग तलावाची वीर मेघमायाची आख्यायिका या दोन टोकांच्या मध्ये उभी राहते. तेथे बळी जाणारा अस्पृश्य समाजातील पुरुष आहे आणि तो मरण्यापूर्वी आपल्या समाजावरील अपमानकारक निर्बंध उठविण्याची अट राजाला घालतो. लक्ष्मीदेवीची संमती निःशर्त आहे. मेघमायाची संमती करारासारखी आहे. दोन्हींना ‘आत्मबलिदान’ हा एकच शब्द लावल्यास हा भेद पुसला जातो.

६

बेळ्ळंदूरच्या तळ्यावरील फेसाने २०१५ मध्ये पेट घेतला. २०१७ आणि २०१८ मध्येही तेथे आग लागली. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तळ्यात येत राहिले आणि त्यावर अवलंबून असलेली काठची शेती व मासेमारी मोडली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. या घटनांना ‘शहराने तळ्याचा बळी दिला’ असे म्हणणे आता रूढ झाले आहे. हे रूपक आकर्षक असले तरी त्याने कथाबंधाची उलटापालट होते आणि माणसे अदृश्य होतात. जुन्या व्यवस्थेत पाण्याचे वाटप पाहणारा नीरगंटी बहुतेक ठिकाणी दलित समाजातील असे. तळी खणण्याचे आणि दगड फोडण्याचे काम वडारांचे होते. लक्ष्मीदेवीच्या आख्यायिकेत, भागीरथीच्या गीतात आणि सप्तमीच्या कहाणीत खणणारे हात नाहीत. तिन्ही कथा मालकाच्या घरातच घडतात आणि ‘बांधले’ हे क्रियापद तिन्हींत मालकाच्याच नावावर आहे.

म्हणून या कथाबंधाच्या वाचनाला केवळ साम्यांची यादी पुरेशी नाही. अधिकृत आख्यायिका संमती सांगते. कथनगीत संमतीवाचूनचे ज्ञान सांगते. कहाणी ज्ञानावाचूनची मागणी सांगते. मुक्ता साळवेचा निबंध या तिघींनी न सांगितलेले सांगतो. या चारही संहिता एकत्र ठेवल्या असता शीतळासप्तमीच्या प्रार्थनेचे मोल कमी होत नाही. तिच्यातील ‘वंश’ या शब्दाची व्याप्ती कोठवर न्यायची, हा प्रश्न मात्र तिच्या वाचकांसमोर येतो. कहाणीतील सुनेने तळे कोणी भरले हे विचारले नव्हते. तिने फक्त आत कोणी असेल तर परत द्या, असे म्हटले होते. ती मागणी आपल्या घरापलीकडच्यांसाठीही करता येते काय, यावर या कथेचा पुढचा अन्वयार्थ अवलंबून राहील.